चार मायक्रॉन आणि एक किटली

आधीच सांगून टाकते, यात आम्ही जिंकलो. शेवटपर्यंत कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. पण जिंकायच्या आधी मी केवढं शेण खाल्लं होतं ते कळल्याशिवाय त्या जिंकण्याची चव कळायची नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी एल्सिरा पेरोत्ती. ला प्लाता शहरातल्या एका संशोधन संस्थेत मी बावीस वर्षं रेषा मोजल्या. हसू नका. डॉक्टर इर्मा सागास्ती काचेच्या नळीत झेनॉन वायू भरायच्या आणि कपाटाएवढ्या कपॅसिटरांत साठवलेली वीज त्यात एका दणक्यात सोडायच्या. धडाम्! वायूच्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडायचे, आत प्लाझ्मा पेटायचा, आणि त्याचा जो उजेड पडायचा तो डोळ्यांना दिसणारा नव्हेच. अतिनील, पार क्ष-किरणांच्या शेजारपाजारचा. साधी हवासुद्धा हा उजेड गिळून टाकते. म्हणून त्याला पकडणारं तीन मीटर लांबीचं यंत्र आतून निर्वात ठेवावं लागायचं. त्या यंत्राला आम्ही सासूबाई म्हणायचो. हवा चालत नाही, ओल चालत नाही, बोट लागलेलं चालत नाही, आणि तीन दिवस मनधरणी केल्याशिवाय काही मनावर घेत नाही. सासूबाई प्रसन्न झाल्या की फोटोच्या काचेवर रेषा उमटायच्या, केसाहून बारीक, शेकड्यांनी. प्रत्येक रेष नेमकी कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकातून बघून, मळसूत्र फिरवून, मायक्रॉनपर्यंत मोजायचं हे माझं काम. मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. माझा डोळा एका मायक्रॉनचा आहे असं सगळी संस्था म्हणायची, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

या रेषा कशाला मोजायच्या? बाई सांगायच्या, अणूच्या आत एक जिना असतो. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारतो, त्या उडीचा उजेड म्हणजे एक रेष. रेष कुठे पडली यावरून उडी केवढी ते कळतं. आता तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली या नाहीतर दुसऱ्यावर थांबून या, एकूण उतार तेवढाच भरला पाहिजे. भरला तर तुमचा जिना खरा. नाही भरला तर शेकडो रेषांमधून सोयीच्या तेवढ्या वेचून तुम्ही हवेत जिना बांधलाय.

पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या झेनॉनचा जिना बाईंनी एकोणीस वर्षं बांधला. बावन्न पायऱ्या. बाई तेव्हा चौसष्टच्या, डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. करड्या कोटाच्या खिशात दोन पेन्सिली, एक काळी, एक लाल. बोलणं मोजकं. बावीस वर्षांत आम्ही एकमेकींना ‘तुम्ही’च म्हणत आलो. मला वाटायचं, त्यांना माझं काम आवडतं. पण तसं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

सत्त्याऐंशी सालच्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, ते पत्र आलं. चार वाजून गेले होते, म्हणजे आम्ही तिघं व्हरांड्याच्या खिडकीपाशी माते, म्हणजे आमचा तो कडू हिरवा काढा, पीत होतो. तिसरा अतिलिओ, आमचा काच फुंकणारा. झेनॉनच्या सगळ्या नळ्या त्याच्या फुंकरीतून निघालेल्या. तोंडाचा फटकळ, फुटबॉलच्या ज्या संघाचा तो भक्त, तो संघ कधी काही जिंकत नाही, त्यामुळे माणूस कायमचा दुखावलेला. तुंब्यातल्या पाल्यावर गरम पाणी ओतायचं काम माझं. ओतणारा हात एकच असतो, तो मध्ये बदलत नाही, आणि चोखायची नळी सगळ्यांत एक. अतिलिओ आणि मी सहा-सहा, सात-सात तुंबे रिचवायचो. बाई एकच घ्यायच्या आणि परत देताना ‘आभारी आहे’ म्हणायच्या. आमच्यात आभार मानले की पुरे झालं, आता मला देऊ नका. बावीस वर्षं रोज एक तुंबा आणि एक आभार.

बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“कोशवाल्यांचं आहे.”

जगातल्या सगळ्या अणूंच्या पायऱ्यांचा एक मोठा कोश परदेशात तयार होत होता. त्यात शिरलं की तुमचं काम पुढची शंभर वर्षं सगळे वापरणार. नाही शिरलं तर ते आमच्या संस्थेच्या माळ्यावर पडणार. बाईंनी पत्र सपाट आवाजात वाचून दाखवलं. बावन्नपैकी एकतीस पायऱ्यांच्या बेरजा जुळत नाहीत. तरंगलांबीतला फरक अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागाएवढा आहे, परंतु तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्लाझ्माच्या दाटीमुळे रेषा सरकल्या हे आपलं स्पष्टीकरण पटत नाही. यातल्या बऱ्याच रेषा झेनॉनच्या नसून नळीच्या काचेतल्या सिलिकॉनच्या असाव्यात. ऑगस्टअखेर समाधानकारक खुलासा न आल्यास हा भाग वगळण्यात येईल.

“माझ्या काचेतल्या?” अतिलिओ उसळला. “माझ्या काचेत सिलिकॉन?”

“काच सिलिकॉनचीच असते, अतिलिओ,” बाई म्हणाल्या.

“असू दे! पण ते म्हणणारे कोण टिकोजीराव?”

बाईंनी तुंबा माझ्या हातात दिला, आभार मानले आणि खोलीत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संचालक आले. डॉक्टर बेल्त्रामे. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. त्याला लेझरसाठी जागा हवी होती आणि सासूबाईंची खोली संस्थेत सगळ्यात लांब.

“इर्मा, मी कोशात नाव येईल म्हणून थांबलो होतो,” तो म्हणाला. “आता तेही नाही म्हटल्यावर एक सप्टेंबरपासून खोली मी घेतो. यंत्र भंगारात नाही देणार, संग्रहालयाला विचारू या.”

“एक सप्टेंबरपर्यंत माझी आहे ना?” बाईंनी विचारलं.

“आहे की.”

“मग दार लावून घ्या. ऊब जाते.”

मी मनात म्हटलं, शाब्बास. पण तो गेल्यावर बाईंनी कपाटातून रिकामी खोकी काढली आणि एकोणीस वर्षांचे कागद सुतळीने बांधायला लागल्या.

आणि मग मला राग आला. माझा राग म्हणजे संस्थेत प्रसिद्ध. बेरजा जुळत नाहीत म्हणजे काय? मोजलं कुणी? मी! म्हणजे हे लोक समुद्रापलीकडे बसून माझ्या डोळ्याला नावं ठेवणार? थांबा, तुमची जिरवते. मी पंच्याऐंशी सालची प्लेट, म्हणजे फोटोची काच, पेटीतून काढली, मोजणीयंत्रावर चढवली आणि भांडणातल्या रेषांपैकी पहिली रेष पुन्हा मोजली.

जुन्या आकड्यापासून चार मायक्रॉन चुकली होती.

पुन्हा मोजली. चार. खुर्ची सरकवून, कोपर टेकून, श्वास धरून मोजली. चार. दुसरी रेष घेतली, ती पाच. जिरवायला निघाले होते आणि माझीच जिरली.

त्या दिवशी मी घरी चालत गेले. रस्त्याकडेच्या झाडांना तेव्हा एक पान नव्हतं. माझी आई साठीला आंधळी झाली, मोतीबिंदूने, आणि मी अठ्ठावन्नची होते. डोळाच गेला असेल तर? मी घरी एक डोळा झाकून दिनदर्शिकेवरची रोजच्या संतांची बारीक नावं वाचून पाहिली. मग दुसरा झाकून. सगळे संत दिसत होते. तरी मला झोप लागेपर्यंत रडू येत राहिलं.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. नुसती मोजत बसले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सगळ्याच रेषा चुकलेल्या नाहीत. काही अगदी टिचून बसतात, मायक्रॉनभरही इकडे-तिकडे नाही. काही मात्र चार-पाचने सरकलेल्या, आणि सगळ्या एकाच बाजूला. डोळा गेला असता तर कधी इकडे चुकला असता, कधी तिकडे. मी पंच्याऐंशीची जुनी वही उघडली आणि पानं चाळायला लागले. बरोबर, बरोबर, बरोबर, चूक, चूक. बरोबर, बरोबर, चूक. चुकीच्या पानांत काहीतरी सारखं होतं, ते मला दिसत होतं आणि कळत नव्हतं.

हिरवे डाग. चुकीच्या प्रत्येक पानावर मातेचा हिरवट थेंब होता. चांगल्या पानावर एकही नाही.

मी अतिलिओला ओढत आणलं.

“दोन वर्षं पेटीत राहून काच बदलते का रे?”

“काच? काच तुझ्यासारखी म्हातारी होत नाही, एल्सिरे.”

“वटवट नको. मग चार मायक्रॉन कुठून आले?”

त्याने मोजणीयंत्राभोवती एक फेरी मारली. “डोळा लाव,” तो म्हणाला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रेष आत कोरलेल्या फुलीवर बरोबर मध्ये उभी होती. त्याने मळसूत्राच्या पोलादी दांड्याच्या एका टोकाला नुसता तळहात टेकवला. मी मनात वीस मोजेपर्यंत काही झालं नाही. मग रेष हळूच फुलीवरून सरकायला लागली.

“हात काढ!” मी ओरडले.

“काच, पोलाद, सगळी चिडकी जात आहे. एका बाजूने ऊब लावली की अंग चोरतात नाहीतर पसरतात. आयुष्यभर तेच तर बघतोय.” मग तो वाकला आणि टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

लोखंडी टेबलावर, दांड्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर, रंग जळून गेलेला एक गोल होता. बशीएवढा.

तो गोल मी ओळखला. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात संस्थेचा गरम पाण्याचा नळ फुटला होता आणि व्हरांडा बर्फासारखा गार. म्हणून मी माझी विजेची शेगडी आणि किटली आत आणली होती, मोजणीयंत्राच्या शेजारी. सकाळी मी ओळखीच्या रेषा मोजायची, ऑक्सिजनच्या, कार्बनच्या, आणि त्यांवरून दिवसाची मोजपट्टी बांधायची. दुपारी झेनॉन. आणि चारला किटली. मातेचं पाणी उकळलं की मेलं, पाला जळतो. पण गारही व्हायला नको. म्हणून शेगडी मंद ठेवून किटली संध्याकाळपर्यंत तशीच कोमट-गरम बसायची, आणि मी एक डोळा सूक्ष्मदर्शकाला, एक हात तुंब्याला, अशी मजेत मोजत राहायची. सकाळची पट्टी गार यंत्राची, चारनंतरच्या रेषा उबदार यंत्राच्या. अर्ध्या रेषा खऱ्या आणि अर्ध्या सरकलेल्या. बेरजा जुळणार कशा?

“म्हणजे माझी काच नव्हे, तुझी किटली!” अतिलिओ नाचायचा तेवढा बाकी होता.

“हळू बोल.”

“का हळू? मला सिलिकॉन म्हणाले!”

मी स्टुलावर बसले. बाईंची एकोणीस वर्षं. सुतळीने बांधलेली. मी, एक मायक्रॉनवाली एल्सिरा, मी केलं होतं ते. माझा चेहरा बघून अतिलिओचा आवाज खाली आला.

“हे बघ, कुणाला सांगायला हवंच असं नाही,” तो म्हणाला. “गुपचूप पुन्हा मोज, नवे आकडे दे. नवा चष्मा केला म्हण.”

“आणि आकडे बदलले का म्हणून कोशवाल्यांनी विचारलं तर? त्यांना वाटेल बाईंनी बेरीज जुळवायला आकडे वाकवले.”

“मग जा बाई. पण आधी एक तुंबा घे.”

“नको,” मी म्हटलं. त्या क्षणी मला त्या पाल्याचा वाससुद्धा नको होता.

बाई खोक्यावर तारीख लिहीत होत्या. मी उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं. शेगडी, किटली, काळा गोल, डागांची पानं. शेवटी म्हटलं, “चूक तुमची नाही, प्लाझ्माची नाही. माझी आहे. मला काढून टाका हवं तर.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “किती म्हणालात?”

“चार. कधी पाच.”

“कोणत्या बाजूला?”

“एकाच. लांबच्या बाजूला.”

“सगळ्या?”

“चारनंतरच्या सगळ्या.”

“आणि चारच्या आधीच्या?”

“एकही नाही.”

बाई खोक्यावर टेकल्या. मग त्यांच्या तोंडून एक आवाज आला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून, खोक्यावर बसून हसत होत्या.

“एकाच बाजूला! अहो एल्सिरा, एकाच बाजूला! मी दोन वर्षं प्लाझ्माला दोष देतेय, पानंच्या पानं गणितं केली, त्याची घनता काढली, दाब काढला... आणि तुमची किटली!” त्यांनी सुतळीची गाठ सोडायला घेतली, सुटेना, म्हणून दाताने तोडली. “जिना खोटा असता तर चुका चारी दिशांना गेल्या असत्या. एका बाजूला जातात म्हणजे जिना उभा आहे. कळतंय का तुम्हाला? तो उभाच आहे!”

“म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?”

“भयंकर रागावले आहे. ते सप्टेंबरात. किती रेषा आहेत डागाच्या पानांवर?”

“एकशे चौऱ्याऐंशी.”

“आज तीन ऑगस्ट. बसा मोजायला.”

पुढचे साडेतीन आठवडे मी जन्मात विसरणार नाही. मोजणीच्या खोलीत शेगडी बंद, किटली बंद, माते बंद. मी हात गार पाण्याने धुऊन आत जायची. अतिलिओने दाराबाहेर स्टूल मांडून पहारा सुरू केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, “आत जायचंय? मग श्वास इथे ठेवून जा.” साफसफाईवाल्या बाईला त्याने हातात गरम पाव आहे म्हणून परत पाठवलं. प्रत्येक रेष मी दोनदा मोजायची, एकदा डावीकडून, एकदा प्लेट फिरवून उजवीकडून, आणि दर तासाला ऑक्सिजनच्या ओळखीच्या रेषेवर परत येऊन यंत्र जागेवर आहे ना ते बघायची. मान अवघडून दगड झाली. पण आकडे येत होते आणि शेजारच्या खोलीत बाई बेरजा करत होत्या.

पहिली बेरीज जुळली तेव्हा बाईंनी भिंतीवर टकटक केली. एकदा. आमचं ठरलेलं नव्हतं, पण मला कळलं. मग दुसरी टकटक. त्या दिवशी पाच झाल्या. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी इतक्या झाल्या की अतिलिओ बाहेरून ओरडला, “सुतार लागलाय का आत?” मी मान वर न करता हसत होते. आयुष्यात इतकं सरळ काम मी कधी केलं नव्हतं. रेषा आपल्या-आपल्या जागी जाऊन बसत होत्या, आणि प्रत्येक टकटकीला माझ्या छातीवरचा एक दगड उतरत होता.

अठ्ठावीस ऑगस्टला एकावन्न पायऱ्या जुळल्या. उरली एक, सगळ्यात वरची. ती एकाच रेषेवर लटकलेली होती. एका पायावर उभी पायरी कोशवाले कशी घेणार? आणि ती पडली तर तिच्यावरून काढलेलं पुढचं सगळं शंकेत. खाली यायला तिला दुसरी वाट हवी होती. बाईंनी गणित मांडलं: दुसरी वाट असेल तर तिची रेष अमुक ठिकाणी पडलीच पाहिजे, प्लेटच्या पार टोकाला, क्ष-किरणांच्या बाजूला, जिथे सासूबाई फार कंजूस व्हायच्या. आमच्या यादीत तिथे कुठलीच रेष नव्हती.

एकोणतीस तारीख. महिन्याची एकोणतीस म्हटलं की आमच्याकडे घरोघर न्योकी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, आणि अतिलिओने बायकोकडून भलं मोठं पातेलं आणलेलं. नेमका तेव्हाच बेल्त्रामे दोन माणसं आणि मोजायची फीत घेऊन हजर झाला.

“फक्त खोलीची लांबी बघतो,” तो म्हणाला. “दोन मिनिटं.”

“ते पातेलं इथून लांब ठेवा,” बाई म्हणाल्या, “आणि तुमची माणसंही. एल्सिरा मोजतायत.”

मी प्लेट टोकाला नेली. काळोखी करडा पडदा, त्यात काही नाही. बाईंनी सांगितलेल्या आकड्यावर मळसूत्र आणलं. काही नाही. डोळा मिटला, उघडला. मी मोजायला शिकले तेव्हा एक युक्ती शिकले होते: फिकट रेष समोरून बघायची नाही, नजर किंचित बाजूला ठेवायची. तशी ठेवली.

होती. धुक्यात उभं राहिलेलं माणूस दिसावं, तितकीच. फुली तिच्यावर आणली, आकडा वाचला. बाईंच्या गणितापासून एक मायक्रॉन.

“आहे,” मी म्हटलं. मग जोरात म्हटलं, “आहे! आहे की मेली!”

बाई धावत आल्या, त्या चौसष्टच्या होत्या हे विसरून. त्यांनी डोळा लावला, खूप वेळ लावून ठेवला. मग बाजूला होऊन बेल्त्रामेला म्हणाल्या, “या. बघा.”

“मला काही दिसत नाही,” तो म्हणाला.

“नजर जरा डावीकडे ठेवा,” मी म्हटलं. “तिच्याकडे रोखून बघितलं की लाजते.”

तो वाकून राहिला. त्याच्या हातातली फीत आपोआप गुंडाळली गेली. “अरे,” तो म्हणाला, आणि मग पुन्हा, वेगळ्याच आवाजात, “अरे!” शेवटी तोही भौतिकवालाच.

तेवढ्यात मला काहीतरी आठवलं. मी पंच्याऐंशीची वही ओढली आणि डागांच्या पानांतलं शेवटचं पान काढलं. तिथे माझ्या अक्षरात एक नोंद होती: ‘अतिशय फिकट. आहे असं वाटतं.’ आकडा चार मायक्रॉनने पुढचा. आणि त्यावर लाल पेन्सिलीची फुली, शेजारी बाईंच्या अक्षरात एकच शब्द: ‘धूळ’.

मी वही बाईंपुढे धरली.

बाईंनी वाचलं. मान वर केली. सगळ्यांसमोर, बेल्त्रामेसमोर, त्या दोन फीतवाल्यांसमोर म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी या बाईंनी ही रेष बघितली होती. मी ती धूळ म्हणून खोडली. माझं गणित तिच्याशी जुळेना म्हणून मी माझ्या गणिताऐवजी त्यांचा डोळा खोडला.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माझी चूक तुमच्या किटलीपेक्षा मोठी आहे, एल्सिरा. माफ करा.”

बावीस वर्षं मी बाईंच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होते, आणि आला तो असा. मी रडले. अतिलिओही रडला, आणि वर म्हणाला की न्योकीच्या वाफेने डोळे चुरचुरतात.

खुलासा त्याच दुपारी लिहिला. बेल्त्रामे स्वतः टाइपरायटरपाशी बसला. ‘विसंगतीचे कारण’ इथवर आला आणि थांबला.

“तापमानातील स्थानिक चढउतार, असं लिहू या,” तो म्हणाला. “संस्थेची अब्रू...”

“किटली लिहा,” बाई म्हणाल्या.

“इर्मा, जगभर जाणार हे.”

“म्हणूनच. चारनंतर ठेवलेली किटली. आणि वर नाव घाला: इर्मा सागास्ती आणि एल्सिरा पेरोत्ती. दोघींचं.”

“पण त्या मोजणीवाल्या...”

“हो,” बाई म्हणाल्या, “मोजणी त्यांचीच आहे.”

उत्तर ऑक्टोबरात आलं. बावन्नच्या बावन्न पायऱ्या कोशात घेतल्या होत्या, एक शब्द न बदलता. आणि खाली, हाताने लिहिलेल्या दोन ओळी: ‘आपला खुलासा वाचून आम्ही आमची मोजणीची खोली तपासली. कॉफीचं यंत्र हलवलं आहे.’

अतिलिओने ते पत्र तीनदा वाचायला लावलं आणि तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. त्याचा संघ त्या रविवारी नेहमीप्रमाणे हरला होता, पण त्याला त्याचं काही नव्हतं. खोली आमचीच राहिली. बेल्त्रामेने लेझर वरच्या मजल्यावर नेले आणि आता पाहुणे आले की तोच त्यांना सासूबाईंपाशी घेऊन येतो, नजर डावीकडे ठेवा म्हणून सांगतो.

पत्र आलं त्या दिवशी चार वाजता मी शेगडी आणि किटली उचलून मागच्या अंगणात नेली, मोजणीच्या खोलीपासून चाळीस पावलांवर. मी पावलं मोजली. झाडांना पालवी फुटली होती, ऊन पाठीला छान लागत होतं. आम्ही तिघं जुन्या बाकावर बसलो. मी पाला भरला, पाणी ओतलं आणि पहिला तुंबा बाईंना दिला. त्यांनी तो सावकाश संपवला, नळीत हवा बोलेपर्यंत.

मग त्यांनी तुंबा माझ्याकडे परत केला. मी ‘आभारी आहे’ची वाट बघितली. त्या काहीच म्हणाल्या नाहीत, नुसत्या समोर उन्हाकडे बघत बसल्या.

मी पुन्हा पाणी ओतलं.